न दिसणारी इजा
कॅनडातील ओटावा शहरात शाळेच्या रग्बी संघाची कर्णधार रोअन स्ट्रिंगर ही १७ वर्षांची मुलगी मे २०१३ मध्ये मरण पावली. आठवडाभरात तिच्या डोक्याला एकाहून अधिक आघात झाले होते. आपल्या मेंदूला हादरा बसला असावा, ही शंका तिने मित्रमंडळींजवळ बोलून दाखविली. आईवडिलांपर्यंत मात्र ती पोहोचली नाही. पहिला हादरा ओसरण्यापूर्वी दुसरा बसला, तर कोवळ्या वयात मेंदूला झपाट्याने सूज येऊन तो प्राणघातक ठरू शकतो. ही इजा ना रक्त दाखविते, ना साध्या क्ष-किरण चित्रात उमटते. कळ सोसून खेळण्याला आपण जिद्द म्हणत आलो, ते यामुळेच सोपे झाले.

तिच्या आईवडिलांनी शोक घरात कोंडून ठेवला नाही. २०१५ च्या मृत्युचौकशीत ४९ शिफारशी झाल्या. २०१८ मध्ये ऑन्टारिओ प्रांताने ‘रोअनचा कायदा’ संमत केला. हादऱ्याचा संशय येताच खेळाडूला मैदानाबाहेर काढणे त्याने बंधनकारक केले. हे उत्तमच झाले. परंतु संशय यायचा कोणाला? मूल गप्प राहिले, तर कायद्याचेही काही चालत नाही. सामना हातचा जात असताना ‘डोके गरगरते आहे’ म्हणणाऱ्या मुलीकडे प्रशिक्षक कोणत्या नजरेने पाहतो, हे राखीव बाकावरची सारी मुले टिपत असतात.