घरची सरकी का फाटते?



मागच्या बैठकीत एक साहेब म्हणाले, "शेतकरी घरची सरकी पेरतो, मग कापूस एकसारखा आला नाही म्हणून रडतो. अडाणीपणा, दुसरं काय!" मी शेतकीचा पदवीधर. या बोलण्याचं उत्तर माझ्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातच होतं.

मेंडेल नावाच्या मठवाशाने वाटाण्यावरचे प्रयोग १८६६ साली छापले. उंच आणि बुटक्या वाटाण्याचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळी झाडं उंच. उंची प्रभावी, बुटकेपणा अप्रभावी. पण तो मेला नव्हता, लपला होता. त्याच झाडांचं बी पेरलं तेव्हा चारांत एक बुटकं निघालं.

बीटीचं पाकीट म्हणजे ही पहिली पिढी. अळी मारणारा जनुक बहुतेक संकरांत आई-बापांपैकी एकाकडूनच येतो. गुण प्रभावी, म्हणून झाडन् झाड अळीला मारक. त्याची सरकी पेरा: जनुक एकच असेल तर चारांत एक झाड त्याविना. झाडाची उंची, बोंडाचा आकार, धाग्याची लांबी, तीही अशीच विस्कटते. यात अडाणी कोण?

माझं गाव पोलादपूरच्या डोंगरात. तिथं कापूस नाही, भात, नाचणी. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात कर्जत-१८४ सारख्या सरळ वाणाचं घरचं बी चालतं, कारण भात स्वतःच्याच परागावर पिकतो आणि शुद्ध वाणात लपलेलं काही नसतं. त्याच कर्जत केंद्राचा १९९८ चा 'सह्याद्री' मात्र संकर; बी दरसाल विकत. तुमची मालदांडी पहिल्या जातकुळीची, सीएसएच-१ दुसऱ्या.

संकराशी माझं भांडण नाही. १९७० च्या एच-४ ने उतारा वाढवला, हे खरंच. पण हा जनुक सरळ वाणातही बसतो; अमेरिका, ऑस्ट्रेलियात तसाच बसवला. आपल्याकडे २००२ साली आला तो फक्त संकरात. २००१ च्या कायद्याचं ३९ वं कलम बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा हक्क देतं. पहिल्या बोलगार्डच्या जनुकावर भारतात पेटंटही नव्हतं. मग कुलूप कसलं? संकराचं! कोरडवाहूत मृगाने दगा दिला की दुबार पेरणी, म्हणजे पुन्हा पाकीट, पुन्हा सावकाराची ओसरी.

२००९ साली सरकारी संस्थांचा 'बिकानेरी नरमा बीटी' हा सरळ वाण आला आणि भेसळीच्या वादात बंद पडला. त्यानंतरही नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेने बीटीचे सरळ वाण काढले आहेत. पुढच्या बैठकीत साहेब आले की एवढंच विचारा: आमच्या तालुक्याला त्यातली किती पोती देता?