आज्ञा आणि विवेक

येल विद्यापीठात १९६१ साली स्टॅन्ली मिलग्रम यांनी केलेला प्रयोग आजही अंतर्मुख करतो. संशोधकाच्या आज्ञेवरून ४० पुरुषांपैकी २६ जणांनी पलीकडच्या खोलीतील माणसाला थेट ४५० व्होल्टपर्यंत विजेचे धक्के दिले. धक्के लटके होते. देणाऱ्यांना मात्र ते खरे भासविले होते. ही माणसे क्रूर नव्हती. अनेकांना घाम फुटला, कंप सुटला. परंतु जबाबदारी वरिष्ठाची, या समजुतीने विवेकाचे तोंड बंद केले. पुढील एका प्रयोगात सोबतच्या दोघांनी पूर्वसंकेतानुसार नकार देताच ४० पैकी अवघे ४ जण अखेरपर्यंत गेले. आज्ञाधारकपणा जसा संसर्गजन्य, तसाच नकारही. म्हणूनच जुलमी हुकुमास प्रथम ‘नाही’ म्हणणाऱ्या कर्मचाऱ्यावर शिस्तभंगाचा बडगा उगारणारे शासन एकाच्या नव्हे, अनेकांच्या विवेकाचा बळी घेते.