जीपवेड्यांच्या बाजूने

जुन्या जीपला कवटाळून बसणे हे निव्वळ स्मरणरंजन, असे आमचे काही सहकारी इतक्या सहजतेने म्हणतात की प्रतिवाद करणे भाग आहे. दोष मान्यच आहेत. १९४७ पासून मुंबईत विलीजच्या जीपची जुळणी होऊ लागली; तेव्हापासून या वंशात सुखसोय म्हणून नाहीच. पाटे कडक, छत कापडी. पावसात आत आणि बाहेर हा भेद उरत नाही. १९८५ ची जिप्सी तर मागे बसणाऱ्याची हाडे मोजते. २००० मध्ये आलेली बोलेरो किंवा २००२ ची स्कॉर्पिओ यांहून कितीतरी सुखाची.

पण 'विश्वासार्ह' या शब्दाचा अर्थ ठरवला कोणी? नवी गाडी बिघडली की संगणक जोडल्याखेरीज आपला दोष सांगत नाही. जुनी जीप रस्त्याच्या कडेला पाना-पक्कडीने उघडते. तिचा मालक तिचा वाचक असतो. नवीचा केवळ ग्राहक. गाइडांवर परीक्षा काढणाऱ्या विद्यार्थ्यांना (आणि त्यांच्या प्राध्यापकांनाही) हा फरक उमगायला हरकत नसावी.

देवणीत तर हा वाद जुनाच. अधिक दूध देणारी संकरित गाय मिळत असताना वानेरा, शेवरा, बालंक्या अशी पारख करीत देवणी जनावरे सांभाळणाऱ्यांना स्मरणरंजक कोण म्हणेल? दूध आणि ओढकाम दोन्ही देणारे ते जनावर त्यांना कळते.

शहरात २०२० नंतरची थार मॉलपुढे मिरवणाऱ्यांची वकिली मात्र आम्ही करणार नाही. त्यांनी आधी बॉनेट उघडावे, मग बोलू.