बीटामॅक्स हरला, नांदेड-४४ मागं पडलं, आणि म्हणे शेतकरीच अडाणी!

परवा हॉटेलावर चहा घेता घेता एक शिकलेले गृहस्थ म्हणाले, "माल चांगला असला की आपोआप खपतो." विषय विद्यापीठाच्या बियाण्याचा होता. पुढचं वाक्य ठरलेलंच, "आपले शेतकरीच अडाणी, दुकानदार देईल ती पिशवी उचलतात." तिथं वाद घातला नाही, कारण चहा त्यांनी पाजला होता. इथं घालतो.

बोरीत ज्यांनी पन्नाशी ओलांडलीय त्यांना व्हिडिओ आठवत असेल. भाड्याचा टीव्ही, भाड्याचा व्हीसीआर, गणपतीत रात्रभर तीन पिक्चर. लाईट गेली की पोरांच्या शिट्ट्या. त्यात जायची ती व्हीएचएस कॅसेट. तिच्या वर्षभर आधी, १९७५ मध्ये, सोनीने बीटामॅक्स काढला होता. कॅसेट लहान, चित्र थोडं जास्त स्वच्छ. मी तर तो गावात कधी पाहिलाच नाही.

कारण म्हणून सगळे एकच गोष्ट सांगतात. बीटामॅक्सच्या कॅसेटवर सुरुवातीला तासभरच मावायचं, जेव्हीसीच्या व्हीएचएसवर दोन तास. सोनीने पुढं तास वाढवले, पण टेप हळू फिरवून. मग चित्रातला तो फरकही जवळपास गेला. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. जेव्हीसीने आपलं तंत्र मात्सुशिता, हिताची, शार्प अशा कंपन्यांना वापरू दिलं. मशीन बनवणारे वाढले, किंमत उतरली. ज्या कॅसेटचं गिऱ्हाईक जास्त, तीच लायब्ररीवाल्याने ठेवली, आणि नवं गिऱ्हाईक लायब्ररीत काय मिळतं ते बघून मशीन घेऊ लागलं. १९८८ मध्ये खुद्द सोनीच व्हीएचएस बनवायला लागली.

तासाचंच कारण खरं असतं तर व्हीसीडी इकडं चाललीच नसती. एका डिस्कवर सव्वा तासाच्या आसपास. हिंदी पिक्चरला दोन, कधी तीन डिस्का. ऐन हाणामारीत उठून डिस्क बदलायची, चित्रात चौकोनच चौकोन. डीव्हीडीवर अख्खा पिक्चर, चित्रही कितीतरी चांगलं. तरी कित्येक वर्षं आपल्याकडं व्हीसीडीच. लग्नाची शूटिंग तिच्यावर, कीर्तन तिच्यावर, बाजारात गाड्यावर ढीग तिचाच. पुढं मोझर बेअरने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी आणली. सहा रुपयांचा फरक हो! पण घरात प्लेअर व्हीसीडीचा, शेजाऱ्याकडंही तोच. डीव्हीडी नेऊन घालायची कशात?

माणूस नुसतं मशीन बघत नाही. कॅसेट कुठं मिळेल, बिघडलं तर कोण दुरुस्त करील, शेजाऱ्याची आपल्याकडं चालेल का, हे सगळं बघतो. याला मी अडाणीपणा म्हणणार नाही. हा चोख हिशोब आहे.

आता पिशवीकडं येतो. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचं नांदेड-४४ जुन्या लोकांना विचारा. कोरडवाहू रानातलं वाण, पावसाने ओढ दिली तरी पुन्हा उभं राहायचं. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, पण ते जनुक आलं खासगी कंपन्यांच्या संकरित वाणांत. बोंडअळीच्या फवारण्या वाचतात म्हटल्यावर शेतकरी तिकडं जाणारच. सुरुवातीच्या वर्षांत बीटीने लोकांना पैसे दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण विद्यापीठ आणि महाबीज मिळून नांदेड-४४ मध्ये बीटी आणेपर्यंत दीड दशक गेलं. तोवर गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानेनाशी झाली होती. घरोघरी डीव्हीडी आल्यावर कुणी उत्तम व्हीसीआर काढावा, तसलं झालं. यात शेतकऱ्याचा अडाणीपणा कुठं आला?

आणि तेच आता सोयाबीन-तुरीचं होऊ नये, एवढ्यासाठी हे लांबण लावलंय. विद्यापीठाची एमएयूएस ७१, १५८, ६१२ ही सोयाबीन वाणं, बदनापूरची बीडीएन ७११ तूर. सगळी सरळ वाणं. घरचं बियाणं राखून पुढच्या वर्षी पेरता येतं, म्हणूनच पिशव्या विकणाऱ्याला त्यात फार रस नसतो. १८ मेला, विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, परभणीत बियाणं विक्री होते. लांबलांबून लोक येतात. अडाणी माणूस पदरचं भाडं खर्चून सरळ वाणाची पिशवी आणायला जातो का? पण सगळ्यांना जाणं होत नाही. मिरगाचा पाऊस पडला की दुकानदार रात्री दहालाही शटर उघडतो, वर उधारी देतो. जेव्हीसीने तरी दुसरं काय केलं होतं?

म्हणून मागणी साधी आहे. विद्यापीठाचं आणि महाबीजचं बियाणं मे संपायच्या आत बोरीतच मिळावं. दुकानदारामार्फत द्या, त्याला कंपनीएवढंच कमिशन द्या. नाहीतर बचत गटांना, शेतकरी गटांना द्या. आणि गावातल्याच दहा-वीस जणांना बीजोत्पादनाला लावा, म्हणजे पुढच्या वर्षी शेजाऱ्याकडूनच पिशवी घेता येईल.

ग्रामसभेत हे लेखी देणार आहे. सही करायची असेल तर बाजाराच्या दिवशी त्याच हॉटेलावर या. ते गृहस्थही येणार आहेत. या वेळी चहा माझ्याकडून.