शाळा पारखायची कोणी?

न्यूयॉर्क शहरात मूल आठवीत गेले की कष्टकऱ्यांच्या घरातही एक अवघड काम येऊन पडते. नववी ते बारावी या चार वर्षांसाठी मुलाला कोणत्या सार्वजनिक शाळेत घालायचे, याचा पसंतीक्रम कुटुंबाने भरून द्यायचा असतो. या शाळांना फी नाही आणि त्या सरकारी खर्चाने चालतात. तथापि घराजवळची शाळा आपोआप मिळेल असा भरवसाही नाही. शेकडो शाळांमधून निवड करायची, ती क्रमाने मांडायची आणि निकालाची वाट पाहायची. पूर्वी या कारभारात एवढा गोंधळ होता की दरवर्षी सुमारे ३०,००० मुले यादीत न मागितलेल्या शाळेत ढकलली जात. २००३-०४ साली अर्थशास्त्रज्ञांच्या साहाय्याने मध्यवर्ती जुळवणीची पद्धत आली आणि पहिल्याच वर्षी ही संख्या ३,००० च्या आसपास उतरली. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु जागा नीट वाटल्याने चांगल्या जागा वाढत नाहीत, ही साधी गोष्टही ध्यानात ठेवली पाहिजे.

या यादीत कुटुंबांपुढे वारंवार येणारा प्रकार म्हणजे चारपाचशे विद्यार्थ्यांची लहान माध्यमिक शाळा. ती कशी पारखावी, हा प्रश्न वरवर घरगुती दिसतो. वस्तुतः तो सार्वजनिक शिक्षणाच्या मर्माला हात घालणारा आहे.

लहान शाळेची कल्पना धनिकांच्या डोक्यातून निघालेली नाही. डेबोरा मायर या लोकशाही समाजवादी विचारांच्या शिक्षिकेने १९७४ साली ईस्ट हार्लेम या गरीब वस्तीत एक सार्वजनिक प्राथमिक शाळा उभी केली आणि १९८५ साली तिला माध्यमिक शाळेची जोड दिली. तेथील मुले मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी कष्टकऱ्यांची. शाळा लहान ठेवण्यामागचा हेतू स्पष्ट होता. प्रत्येक मुलाला निदान एका शिक्षकाने नीट ओळखावे, आणि शाळेतील सर्व शिक्षकांना एका खोलीत बसून निर्णय घेता यावेत. पदवी केवळ वर्गात बसल्याने मिळत नसे. विद्यार्थ्याने आपले काम समितीपुढे मांडायचे आणि प्रश्नांना सामोरे जायचे. पुरावा कोणता, ही बाजू कोणाची, याचा दुसऱ्या गोष्टीशी संबंध काय, परिस्थिती निराळी असती तर काय झाले असते, आणि या साऱ्याने फरक कोणाला पडतो, अशा प्रश्नांची सवय तेथे लावली जाई. शिक्षणाचा लोकशाहीशी असलेला संबंध याहून सोप्या रीतीने सांगणे कठीण आहे.

पुढे हीच कल्पना सत्तेने उचलली. २००२ साली शाळांचा कारभार महापौरांच्या हाती गेला. उद्योगपती असलेले महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या प्रशासनाने अनेक मोठ्या शाळा बंद केल्या आणि २०० हून अधिक लहान शाळा काढल्या. गेट्स प्रतिष्ठानाने त्यासाठी पैसा ओतला. परिणामांची शहानिशा एमडीआरसी या संशोधनसंस्थेने केली. ज्या शाळांत जागांपेक्षा मागणी अधिक होती आणि प्रवेश सोडतीसारख्या रीतीने झाले होते, तेथील मुलांची तुलना जागा न मिळालेल्या मुलांशी करण्यात आली. २०१३ साली मांडलेल्या आकड्यांनुसार लहान शाळांतील शेकडा ७०.४ मुले चार वर्षांत उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. इतरत्र हेच प्रमाण शेकडा ६०.९ होते. मुळात हुशार मुलेच तेथे गेली, हा आक्षेप अशा तुलनेपुढे टिकत नाही. गरीब मुलांना शिक्षण पेलत नाही असे म्हणणाऱ्यांना हे चोख उत्तर आहे.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. देशभर अशा शाळांवर पैसा खर्च केल्यावर, यांतील पुष्कळ शाळांत मुलांच्या प्रगतीत विशेष फरक पडला नाही, अशी कबुली स्वतः बिल गेट्स यांनी २००९ साली दिली. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तर निष्कर्ष एकच निघतो. शाळा लहान असणे ही संधी आहे, हमी नव्हे. त्या लहानपणाचा उपयोग काय केला जातो, यावर सारे अवलंबून आहे.

मग कुटुंबाने पाहायचे काय? पहिली गोष्ट म्हणजे आकडा कसा वाचावा. ज्या शाळेत एका इयत्तेत ९० मुले आहेत, तेथे नऊ मुले इकडची तिकडे झाली की टक्केवारी दहाने हलते. म्हणून एका वर्षाच्या निकालावर भाळू नये किंवा हिरमुसू नये. चारपाच वर्षांचे निकाल शेजारी ठेवावेत. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की नववीत किती मुले होती आणि त्यांपैकी बारावीत किती उरली. गळालेली मुले निकालाच्या हिशेबात दिसतातच असे नाही. दुसरी गोष्ट शिक्षकांची. ते किती वर्षे टिकतात? मायर बाहेर पडल्यानंतर त्यांच्या माध्यमिक शाळेचे मूळ स्वरूप टिकले नाही. एका समर्थ व्यक्तीच्या खांद्यावर उभी असलेली संस्था त्या व्यक्तीबरोबरच खचू शकते. तिसरी गोष्ट विषयांची. थोड्या शिक्षकांत भौतिकशास्त्र, उच्च गणित, दुसरी भाषा आणि संगीत हे सारे बसवणे कठीण जाते. जे शिकवले जात नाही त्याची यादी शाळेकडून मागून घ्यावी. चौथी आणि निर्णायक गोष्ट: अपंग मुलांना आणि इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांना तेथे जागा आहे काय? न्यूयॉर्कच्या कित्येक नव्या लहान शाळांना पहिली दोन वर्षे अशी मुले न घेण्याची मुभा होती. ती मुले गेली कोठे? उरलेल्या मोठ्या शाळांत. आणि गर्दीने व अधिक गरजेने त्या शाळा आणखी वाकल्या. शेजारच्या शाळेवर ओझे टाकून मिळवलेले यश सार्वजनिक म्हणता येत नाही.

हे चारही प्रश्न योग्य आहेत. पण ते विचारायला सवड कोणाला आहे? न्यूयॉर्कमधील अनेक लहान शाळा गुणांवर मुले निवडत नसत. मात्र शाळेच्या माहितीसभेला किंवा शाळामेळाव्याला हजेरी लावणाऱ्यांना त्या अग्रक्रम देत. कागदावर ही अट निरुपद्रवी वाटते. तासावारी मजुरी करणाऱ्या आईने संध्याकाळची पाळी बुडवून शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचे, अपुऱ्या इंग्रजीत चौकशी करायची आणि वहीत नाव नोंदवून यायचे, हा त्या अटीचा प्रत्यक्ष अर्थ होता. गुणांऐवजी पालकांची सवड मोजली जात होती. ही पद्धत मोडीत काढण्याचा निर्णय शहराला २०१७ साली घ्यावा लागला. निवडीचे स्वातंत्र्य सर्वांना दिले, तरी निवडीची साधने विषम असतील तर ते स्वातंत्र्य ज्याच्याजवळ आधीच पुष्कळ आहे त्याच्याच कामी येते.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना हे चित्र परके वाटू नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने दिलेली हमीही आठवीपाशीच थांबते. मुंबईत महापालिकेच्या प्राथमिक शाळांच्या मानाने माध्यमिक शाळा थोड्या. नववीची जागा शोधणे हे कुटुंबाचे खाजगी काम होऊन बसते. अकरावीच्या प्रवेशाचे पसंतीक्रम संगणकावर भरण्याची पद्धत २०२५ पासून साऱ्या राज्याला लागू झाली आहे. अर्ज कोणता भरावा हे सांगणारे सल्लागार मिळतात, आणि ज्याच्याजवळ पैसे आहेत त्याला चांगला सल्ला मिळतो. शेजारच्या सर्व थरांतील मुलांनी एकाच शाळेत शिकावे, अशी समान शाळा पद्धतीची शिफारस कोठारी आयोगाने १९६६ सालीच केली होती. ती बाजूला पडली आणि तिच्या जागी पसंतीक्रमाचा रकाना आला.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे दोन कामे आहेत. एक तातडीचे. आज ज्या घरात आठवीतले मूल आहे, त्या घराला पुढच्या व्यवस्थेची वाट पाहत बसता येणार नाही. वस्तीतील पालकांना एकत्र घेऊन शाळेत जावे, वरील प्रश्न मुख्याध्यापकांना सर्वांदेखत विचारावेत, मिळालेली उत्तरे वस्तीत वाचून दाखवावीत. एकट्या आईला दारातून परतवणे सोपे असते. चाळीस पालकांना परतवता येत नाही. दुसरे काम लांब पल्ल्याचे. हेच प्रश्न महापालिकेच्या सभागृहात आणि विधिमंडळात विचारले गेले पाहिजेत: कोणत्या प्रभागात नववी-दहावीची सोय नाही, कोणत्या शाळेत विज्ञानाचा शिक्षक नाही, नववीतून दहावीत जाताना किती मुले गळाली.

चांगली शाळा हुडकून काढणे हे कुटुंबाचे कौशल्य ठरता कामा नये. जी शाळा घराजवळ आहे ती चांगली असणे, हे शासनाचे कर्तव्य आहे. ते पार पडेपर्यंत पालकांच्या बरोबर शाळेच्या दारापर्यंत चालत जाणे हे चळवळीचे काम आहे.