काळी काच की आपोआप काळी होणारी?

वेल्डिंगचा तो निळा लखलखाट पाहण्याचा मोह तुम्हांला झाला असेलच. (पाहू नका! काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते; हा अतिनील किरणांचा प्रताप.) साध्या हेल्मेटची काच कायमच काळी. म्हणून कारागीर ते वर करून सांधा पाहतो, मग मान झटकून खाली पाडतो. तेवढ्यात रॉड सरकतो. काहीजण तर नुसते डोळे मिटून टाका मारतात! दुसऱ्या प्रकारच्या काचेत द्रव-स्फटिक असतात. लखलखाट होताच सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात ती काळवंडते. अतिनील किरण ती उजळ असतानाही अडवते. शिकाऊ मुलाला मी हीच देईन. मात्र तिचे प्रकाश टिपणारे डोळे पाइपाआड झाकले गेले तर ती फसते. तेथे जुनी काचच बरी.