पुसलेले छायाचित्र राहते कुठे?

संगणकांवर विंडोज एक्सपी असण्याच्या दिवसांतील गोष्ट. बाजारकुणंग येथील बालआरोग्य शिबिरात एका मुलीच्या चेहऱ्यावरील चट्ट्याचे छायाचित्र मी काढले. त्वचारोगतज्ज्ञ मित्राचे मत घ्यावयाचे होते. आईने संमती दिली; मात्र वाडीवर कोणास कळू नये, असे दोनदा बजावले. तिची भीती अनाठायी नव्हती. अशा चट्ट्यावरून लोक काय तर्क करतात आणि मुलीच्या लग्नाच्या वेळी तो कसा उकरून काढतात, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. (मुलीचे वय, वाडी व निदान मी येथे लिहीत नाही. काही तपशीलही बदलले आहेत.) मित्राचे मत आले, उपचार सुरू झाले आणि ते छायाचित्र मी पुसून टाकले.

काही महिन्यांनी शिबिराच्या छायाचित्रांचा तोच फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन एका कार्यक्रमासाठी दिला. पडद्यावर चित्रे दाखविण्याचे काम एका महाविद्यालयीन तरुणाकडे होते. त्याच्या संगणकावर दडलेल्या फाइली दिसण्याची सोय सुरू होती. ‘थंब्स.डीबी’ नावाची एक फाइल त्याने कुतूहलापोटी उघडली, तेव्हा टपाल तिकिटाएवढी चित्रे ओळीने उमटली. त्यात मी पुसलेलेही होते. “डॉक्टर, ही आमच्या शेजारची ना?” त्याने हळूच विचारले. मुलगा समंजस निघाला. त्याने कोठे वाच्यता केली नाही. पण माझी अब्रू त्याच्या समंजसपणावर तगली, माझ्या दक्षतेवर नव्हे.

पुढच्या फेरीत मी त्या मातेस सारे सांगितले. ती रागावली नाही. फोटो पुसला होता ना, मग तो राहिला कुठे, एवढेच तिने विचारले. मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही.

उत्तर असे आहे. फोल्डर उघडताच चित्रे झटकन दिसावीत म्हणून एक्सपी प्रत्येकाची लहान प्रतिकृती करून त्याच फोल्डरमधील त्या दडलेल्या फाइलीत ठेवीत असे. मूळ चित्र पुसले तरी प्रतिकृती मागे राही, आणि आपण संपूर्ण फोल्डर उचलून दिला की तीही सोबत जाई. व्हिस्टापासून विंडोज या प्रतिकृती वापरणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यात ठेवू लागले. तरीही रुग्णालयातील सामायिक फोल्डरांत ती जुनी फाइल पुन्हा डोके वर काढते. मॅक वापरणाऱ्यांनी निश्चिंत राहू नये. तेथे ‘डीएस स्टोअर’ नावाची दडलेली फाइल फोल्डरमधील फाइलींची नावे टिपून ठेवते. पेन ड्राइव्हवरून मॅकने पुसलेली फाइल त्याच ड्राइव्हवरील दडलेल्या कचरापेटीत जाते आणि पेटी रिकामी करीपर्यंत तेथेच असते.

फाइलींच्या नावांचा प्रश्न मला चित्रांहून गंभीर वाटतो. आपण फाइलीस नाव देतो ते रुग्णाचे नाव, गाव आणि निदान जोडून. शोधावयास सोपे जाते. अशी दहा नावे असलेल्या फोल्डरमधून नऊ फाइली काढून एकच पाठविली, तरी नवांची नावे सोबत जाऊ शकतात. नावातच निदान असल्यावर अहवाल उघडण्याची गरज उरत नाही.

“कोण बघत बसतो ते?” असे सहकारी म्हणतात. जर्मनीतील ग्रीनबोन नेटवर्क्स या सुरक्षा कंपनीने बघितले. इंटरनेटवर कुलपाविना उघडे पडलेले वैद्यकीय प्रतिमांचे सर्व्हर तिने शोधले. २०२० सालच्या तिच्या अहवालात भारतातील राज्यांपैकी महाराष्ट्र पहिला होता, सुमारे ७ कोटी प्रतिमांसह. दुसरा आपला कर्नाटक, सुमारे १ कोटी ३७ लाख. तेथे चूक सर्व्हर उघडा ठेवण्याची होती, हे खरे. पण सीटी वा एमआरआयच्या डायकॉम फाइलीत प्रतिमेबरोबरच रुग्णाचे नाव व जन्मतारीखही असते, म्हणून त्या चुकीची किंमत वाढली. परिषदेत दाखविण्यासाठी आपण सीडीवरून तीच फाइल उचलतो.

शहरातील मित्रांस हे अतिशयोक्तीचे वाटते. त्यांनी एकदा जोयडा तालुक्यात यावे. मोबाइलच्या छायाचित्रात स्थळाची नोंद सुरू असेल, तर अक्षांश-रेखांश काही मीटरच्या फरकाने नोंदले जातात. मुंबईत तेवढ्यावरून चाळीस बिऱ्हाडांची इमारत कळेल. इकडे रानात विखुरलेल्या कुणबी वस्तीत एकच घर कळते. नाव खोडले, डोळ्यांवर काळी पट्टी ओढली, तरी घर बोटाने दाखविता येते. रुग्णाची ओळख पटेल असे छायाचित्र त्याच्या संमतीवाचून प्रसिद्ध करू नये, हे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारनियमांत स्पष्ट आहे. परंतु ओळख पटणे म्हणजे काय, हे वस्तीनुसार बदलते. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा शहर असते.

छायाचित्रे काढूच नयेत, असे माझे मुळीच म्हणणे नाही. रानातल्या मुलास तज्ज्ञापर्यंत पोहोचविण्याचा तो स्वस्त मार्ग आहे. मी आता फाइलीस केवळ क्रमांक देतो. क्रमांकापुढचे नाव कागदी वहीत, आणि वही कपाटात. फोल्डर कधीही उचलून देत नाही. हवी तेवढीच चित्रे निवडून नव्या पेन ड्राइव्हवर घेतो, मग दडलेल्या फाइली दिसण्याची सोय सुरू करून काय काय गेले ते पाहतो. कॅमेऱ्यातील स्थळनोंद बंद असते. व्हॉट्सॲपवर छायाचित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविले की स्थळनोंद तशीच पोहोचते, हे फार उशिरा कळले. या साऱ्यास पाच मिनिटे लागतात. संगणकवाल्या मुलावर हे काम सोपवू नये. शब्द त्याने दिलेला नसतो.

त्याच घरातील धाकट्या मुलास पुढे अंगभर पुरळ उठले. छायाचित्र काढून पाठवू का, असे मी विचारले. त्या मातेने नकारार्थी मान हलविली. दोन दिवसांची मजुरी बुडवून, मुलास कडेवर घेऊन ती एसटीने बेळगावास गेली.